इंद्रभानचा भांग

इंद्रभानचं तोंड लांब आहे, हे त्याला बावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ते रोहिणखेडच्या स्थळानं कळवलं. मुलगा कामसू आहे, मळा पाण्याचा आहे, पण तोंड फार लांब, असा निरोप आला आणि त्या दिवसापासून इंद्रभान पाण्याच्या बादलीतसुद्धा डोकावेनासा झाला. आज संध्याकाळी साखरखेर्ड्याचे अर्जुनराव आपल्या मुलीसाठी त्याला पाहायला येणार होते. वडिलांनी, म्हणजे उकंडरावांनी, सकाळी ओट्यावर दात घासता घासता एवढंच सांगितलं होतं, "हे स्थळ हातचं गेलं, तं मले तोंड दाखवू नको." इंद्रभान वडिलांना इतका भ्यायचा की त्यांचं खाकरणं ऐकू आलं तरी हातातली भाकरी खाली ठेवायचा. त्यानं सदरा चढवला आणि धाडचा बाजार गाठला.

धाडला तुळशीरामनं नवं सलून टाकलं होतं. अकोल्याला चार वर्षं कैची चालवून आलेला माणूस, त्यामुळे बोलणंही मोठं. त्यानं सुतळीनं इंद्रभानचं तोंड उभं मोजलं, आडवं मोजलं, आणि मान हलवली.

"गोल तोंडाले केस वर पाह्यजेत, लांब तोंडाले बाजूनं," तो म्हणाला. "वरचे कमी करतो, कानावर फुगा ठेवतो. तोंड कसं भरल्यावानी दिसन."

फुगा छान जमला, पण फक्त डाव्या कानावर. उजवीकडे मशीन केसांत अडकलं. ओढलं तेव्हा ते निघालं, केसही निघाले, आणि कानापासून टाळूपर्यंत सरळ पायवाट पडली. तुळशीरामनं दुसरी बाजू तिच्या मापाला आणली, मग पहिली दुसरीच्या, आणि शेवटी कैची खाली ठेवून वस्तरा उचलला. ज्याचा बाप जिवंत आहे त्यानं गोटा करून घरी जायचं म्हणजे काय, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

"भेऊ नको," तुळशीराम म्हणाला. "मिशी हाय तवर नवस फेडला म्हून सांगता येते."

म्हणजे सगळी अब्रू आता मिशीवर आली. तुळशीराम तिच्या कडा सारख्या करत होता, तेवढ्यात आरशात दारावरून बाबांचा असतो तसा गुलाबी फेटा गेला. तो कुणा परक्याचा होता, पण इंद्रभानला वाटलं, बाबा आले, आणि तो खुर्चीतच ताडकन उठू गेला. डावी मिशी वस्तऱ्यावर राहिली. अर्धी मिशी घेऊन जगता येत नाही, म्हणून उजवीही गेली. तुळशीरामनं आरसा भिंतीकडे फिरवला आणि कपाळाला हात लावला.

टोपी घातली तर केसांअभावी ती नाकावर घसरू लागली. भाजीच्या ओळीतून जाताना ती पार पडलीच, आणि तीही त्याच्याच गावच्या मनकर्णाबाईच्या वांग्यांत. मनकर्णाबाईनं टोपी पाहिली, डोकं पाहिलं, ओठावरची पांढरी जागा पाहिली, आणि हंबरडा फोडला. सकाळी तर उकंडराव ओट्यावर दात घासून राह्यले होते, असं ती रडून रडून सगळ्या ओळीला सांगू लागली. बाबा जिवंत आहेत, हे सांगायला इंद्रभाननं तोंड उघडलं. पण मग हे कशासाठी केलं, असं कोणीतरी विचारणार होतं. बरं दिसायला केलं, हे उत्तर बाबांच्या कानी गेलं तर खरोखरच कुणाचं तरी क्षौर करायची पाळी आली असती. त्यानं टोपी उचलली आणि तो शेतांतून पळत सुटला.

सडकेनं आलेली बातमी त्याच्या आधी पोचली. मागच्या दारानं तो गोठ्यात शिरला, तेव्हा ओट्यावर परक्या माणसाचा आवाज होता. अर्जुनराव धाडला एसटीतून उतरले होते, तिथंच त्यांनी ऐकलं होतं, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्याला घरचा कुणी समजून ते मन मोकळं करत होते.

"वाईट झालं. पण खरं सांगू का, पोरगा मले ऐकूनच पसंत होता. भेव होतं ते उकंडरावाचं. लय तापट होता म्हणतात. माही चांगुणा गरीब हाय, घरात सासू नाही, तिचं कसं निभन?"

तो म्हातारा म्हणजे खुद्द उकंडरावच होते. त्यांनी गोठ्याकडे वळून हाक मारली. इंद्रभान टोपी हातात धरून बाहेर आला. अर्जुनरावांनी त्याला जवळ बसवलं.

"रडू नको लेका. कसे होते रे तुये वडील?"

वडील समोरच बसले होते आणि त्याच्या डोक्याकडे बघत होते.

"मले लय भेव वाटते त्याईचं," तो म्हणाला. "आताही वाटून राह्यलं. पण माय गेल्यावर माह्या डोक्याले रोज त्याईनंच तेल लावलं. भांगही तेच पाडत. हाललो का टपली मारत."

"डाव्या बाजूनं," उकंडराव म्हणाले.

अर्जुनरावांनी वळून पाहिलं.

"त्याचं तोंड लांब हाय. भांग मधातून पाडला का आणखी लांब दिसते, डावीकडून पाडला का बरं दिसते. पाच वर्षांचा होता तवापासून मले ठावं हाय. त्यासाठी धाडले जायची गरज नव्हती."

अर्जुनरावांचा चेहरा पांढरा पडला. ते अर्धवट उठले, पायतण शोधू लागले, आणि त्यांना एकच सापडलं. उकंडरावांनी दुसरं पायानं पुढे सरकवलं, पण म्हणाले, "च्या घेऊन जा. मेलेल्याच्या घरचा नाही, जित्याच्या घरचा हाय."

अर्जुनराव उभेच राहिले. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, पोराच्या गुळगुळीत डोक्याकडे पाहिलं, आणि हळूच खाली बसले.

"केस यायले किती दिवस लागतीन?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात वेशीकडून मनकर्णाबाईचा आणि तिच्यामागून चार बायांचा गळा काढल्याचा आवाज आला. त्यांना थांबवायला इंद्रभान उठला.

"बस," उकंडराव म्हणाले. "रडू दे जराशी. माह्यासाठी कोण कोण रडते, ते तरी कळन. तेल आण. वस्तरा लागला हाय तुले."

इंद्रभाननं वाटी आणली आणि मान खाली घालून बसला. जखमेला तेल झोंबलं, तो हलला, आणि टपली बसली.