तांबट गल्लीचं वय

नरहरमास्तरांनी वही उघडली, की जालन्याच्या तांबट गल्लीतली घरं एकेक करून तरुण व्हायला लागत.

येत्या रविवारी औरंगाबादहून इतिहासाचे एक मोठे अभ्यासक गल्ली पायी फिरून बघायला येणार होते. "गल्ली तीनशे वर्षांची आहे," असं मास्तरांनी पत्रात ठोकून दिलं होतं. पुरावा मात्र एकाही घराचा नव्हता. तो मिळाला नाही तर सगळ्या शाळेसमोर त्यांचं नाक कापलं जाणार होतं.

"द्वारकाबाई, घर किती वर्षांचं?"

"ह्ये? परवाच तर बांधलं!"

"अहो, हे दगड बघा..."

"दगड जुने असतेत मास्तर, घर न्हाई!"

पुंजाराम तर म्हणाला, त्याचं घर अजून बांधून व्हायचंय. मग त्यानंच हळूच सांगितलं, "मागल्या साली शेजारच्या गल्लीत असाच वहीवाला आल्ता. जुनी घरं लिहून नेली, अन् मंग रस्त्यासाठी बराबर तीच पाडली."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. संध्याकाळी त्यांनी मंडळींना मारुतीच्या पारावर जमवलं. "अहो, हे रस्त्याचं काम नाही! जितकं घर जुनं, तितका मान मोठा. उद्या पाहुण्यांचा माणूस वही घेऊन येईल. बिलकुल लाजू नका."

दुसऱ्या दिवशी मास्तर शाळेत असताना वहीवाला आला आणि गल्लीत चढाओढ लागली. द्वारकाबाईंचं घर दोनशे वर्षांचं निघालं, पुंजारामचं सव्वादोनशे. मास्तरांच्या शरयूबाई मागे कशा राहतील?

"आमचं तीनशेचं! मागची भिंत तर नुस्ता पदर लागला तरी हलून राह्यली!"

संध्याकाळी त्यांनी मास्तरांना कौतुकानं सांगितलं, "लई भला माणूस. टेपानं रस्ता बी मोजला."

"रस्ता?" मास्तरांनी खिशातलं कार्ड काढून पुन्हा वाचलं. पाहुण्यांच्या माणसाला ताप आलाय, तो येणार नाही, असं ते कार्ड दुपारीच शाळेत आलं होतं.

शनिवारी गल्लीभर घरं पाडायच्या नोटिसा आल्या. पहिली मास्तरांच्या नावाची.

रविवारी फिरणं आटोपलं. पाहुणे मास्तरांच्या ओसरीवर भिंतीला टेकून बसले. "छान गल्ली आहे. पण तीनशे वर्षांना लेखी पुरावा?"

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी खिशातून नोटीस काढली. "आहे ना. सरकारी, सही-शिक्क्यासकट."

पाहुण्यांनी चष्मा लावून वाचलं : 'घराचे वय वर्षे तीनशे. पदर लागल्यास भिंत हलते.' त्यांनी भिंतीपासून पाठ अलगद सोडवून घेतली, ओसरी उतरले आणि थेट गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"पुरावा अस्सल आहे," तिथूनच ते म्हणाले.