डोळे मिचकावा, हसनचाचा!

मोबाइलमधलं मला सगळं कळतं! हे मी म्हणत नाही, इथलं, ओमानमधलं, अख्खं गाला म्हणतं. आमच्या गॅरेजांच्या गल्लीत कुणाला नवं ॲप टाकायचं असलं की तो वेल्डर असो नाहीतर मालक, आधी माझ्या टेबलाशी येतो. "सागर, तूच बघ बाबा." मग नंबर कुणाचा टाकायचा? माझाच! लोक चष्मा शोधेपर्यंत ओटीपीचा जीव जातो. त्यामुळे निम्म्या गल्लीचे ओटीपी माझ्या खिशात वाजतात.

तर हसनचाचा. मूळ रत्नागिरीचे, आमच्या शेजारच्या दुकानात तीस वर्षं सायलेन्सर विकतात. त्यांची तस्नीम चीनमध्ये, नानजिंगला, डॉक्टर झाली. स्टेजवर तिचं नाव पुकारतील ते कानांनी ऐकायचं, एवढ्यासाठी चाचा निघाले होते. हातात चिनी नोटांचं पाकीट.

"चाचा, नोटा? तिथे नोट दाखवलीत तर म्युझियमवाले उचलून नेतील!"

"मग बसचे पैसे?"

"मोबाइलने. मी सेट करतो. खलास!"

ॲपला पासपोर्ट हवा होता. चाचांचा व्हिसासाठी गेलेला. मी माझा लावला. नंबर माझा, कार्ड माझं. नोटांचं पाकीट त्यांच्या हातातून घेऊन माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं. "उगाच हरवाल!"

(गोष्ट इथेच थांबवता आली असती. पाकीट परत द्यायचं, बस्स. पण मी ड्रॉवरला कुलूपसुद्धा लावलं.)

४७१९०६. साठ सेकंद वैध.

पदवीदानाच्या दिवशी इथे सकाळचे नऊ, तिथे दुपारचा एक. कार्यक्रम दोनला. तस्नीम आधीच हॉलवर गेलेली, तिचा फोन बंद. मी गिऱ्हाइकाला ब्रेक पॅड दाखवत होतो. खिशात ओटीपी वाजला. कुणाचा तरी असेल! मागोमाग फोन.

"सागर, बसमध्ये उभा हाय. नंबर मागतोय."

"लिहा चाचा, चार, सात, एक..."

"थांब, चष्मा."

चष्मा सापडला तेव्हा नंबर मेला होता. ड्रायव्हरने चाचांना हाताने खाली उतरवलं.

८२००५३. साठ सेकंद वैध.

दुसरी बस. चष्मा आधीच डोळ्यावर. नंबर वेळेत गेला. मी टेबलावर थाप मारली!

"झालं ना?"

"झालं. आता मोबाइल चेहरा दाखव म्हणतोय."

"दाखवा की!"

"दाखवला. हा तो माणूस नव्हे म्हणतोय."

तो माणूस म्हणजे मी! मी गालात! बस निघून गेली.

(तिसराही कोड आला. त्याची वेळ मी पाहिली नाही.)

चाचा हुशार. त्यांच्या मोबाइलमध्ये इफ्तारचा आमचा फोटो होता. तो त्यांनी हॉटेलच्या पोऱ्याच्या मोबाइलवर घेतला होता, कारण पोरीला दाखवायचा होता... नाही, गोंधळ करतोय मी. फोटो कागदाचा होता, खिशात ठेवलेला. तो त्यांनी मोबाइलसमोर धरला.

"सागर! ओळखला तुला!"

"शाब्बास चाचा!"

"आता डोळे मिचकाव म्हणतोय."

मी मिचकावले.

"काय होत नाय रे."

मी जोरजोरात मिचकावले! गालात, खुर्चीवर बसून, कानाला फोन लावून! दारातून आमचे ओमानी अर्बाब, म्हणजे मालक, बघत होते.

"सागर, डोळ्यात काय गेलं? यल्ला, डॉक्टरकडे जा!"

"तस्नीमला निरोप धाडा ना चाचा," मी म्हणालो. "कुणाला तरी सांगा!"

"पोर सकाळी सुट्टे पैसे देत होती," चाचा म्हणाले. "मीच म्हटलं, नको. आमच्या सागरने सगळं करून दिलंय."

तिथे दोन वाजून दहा मिनिटं.

इथे, या मोकळ्या जागेत, तस्नीमचं नाव पुकारलं गेलं.





तिसऱ्या बसमध्ये एका म्हातारीने ड्रायव्हरशेजारच्या पेटीत दोन नाणी टाकली आणि चाचांना बाहीला धरून आत ओढलं. पेटी, वाचकहो! नाण्यांसाठी! दारातच!

चाचा पोहोचले तेव्हा खुर्च्या उचलत होते. पायऱ्यांवर काळा गाऊन घालून तस्नीम एकटीच बसली होती.

आठवड्याने ते दुकानात आले. माझ्यासाठी चिनी चहाचा डबा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चाचा, कार्यक्रम?"

"छान झाला म्हणे. तस्नीमने नाव पुन्हा म्हणून दाखवलं मला. अगदी तसंच, माइकवाल्यासारखं."

मी ड्रॉवर उघडून पाकीट पुढे केलं. त्यांनी माझा हात हळूच मागे सारला.

"ठेव. कधी गेलास तर बसला लागतील. नि हे ॲप काढून टाक, नवीन काय टाकायचं असलं तर मी बघेन माझं."

ॲप म्हणालं, खातं बंद करायचं तर आधी चेहरा पटवा. मी चाचांचा मोबाइल तोंडासमोर धरला. डोळे मिचकावा. मिचकावले. एकदाच. लगेच हिरवी खूण आली.

चाचांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत मला वाचून दाखवलं, "अभिनंदन. आता तुम्ही नानजिंगच्या कुठल्याही बसमध्ये चढू शकता."