पुढच्या नाक्यापुरता पत्ता

पाटणे सरांना ‘एटीएम कुठं आहे?’ असं चुकूनही विचारू नये. आमच्या कराडच्या कॉलनीत आलेल्या एका नव्या भाडेकरूनं विचारलं, तर सरांनी त्याला माझ्या मेडिकलच्या पायरीवर बसवूनच घेतलं.

“पैशाचं कोपऱ्यावर आहे. खरं एटीएम म्हणजे असिंक्रोनस ट्रान्सफर मोड. माहितीची सारख्या मापाची छोटी पाकिटं करून धाडायची.”

सरांनी इंजिनिअरिंग कॉलेजात हेच शिकवलं. पुढं जगानं ती पद्धत सोडली. सरांनी नाही.

“पूर्ण पत्ता लागतो तो वाट बांधताना, एकदाच. मग पाकिटावर नुसता नंबर, तोही पुढच्या नाक्यापुरता. तिथं तो बदलतो. आणि व्हर्च्युअल पाथ, म्हणजे एकाच दिशेच्या वाटांची जुडी, ती वऱ्हाडाची बस. टोलनाक्यावर बस बघतात, आत कोण कुठल्या सीटवर आहे ते नाही.”

“सर, मला पैसे काढायचेत.”

“काढा की. मी कुठं अडवलंय?”

गेल्या वर्षापासून सरांच्या पत्नी, सुमनकाकू, विसरायला लागल्या. भाजीला गेल्या की परतीचा रस्ता हरवायचा. घरात थांबा म्हटलं तर चिडायच्या, “कोंडून घालताय व्हय मला?”

एका सकाळी सर दुकानात आले. “सुमन दिसली की पाण्याच्या टाकीकडं बोट दाखवायचं. बास.”

“घरापर्यंत सोडतो की, सर.”

“तिला कुणी पोचवलेलं खपत नाही. टाकीजवळचा इस्त्रीवाला गिरणी दाखवेल, गिरणीवाला आमची गल्ली. मी सगळ्यांशी बोलून ठेवलंय.”

आणि खरंच, काकू पिशवी हलवत ऐटीत घरी पोचायला लागल्या.

परवा मी टाकीकडं बोट दाखवलं, तर काकूंच्या बऱ्याच मागं सर दिसले. काकूंच्या गोळ्या द्यायच्या होत्या, म्हणून मी सरांबरोबर निघालो.

“मागं का चालताय?”

“जवळ गेलो की घाबरते. कोण माणूस मागं लागलाय म्हणते.”

गिरणीपाशी काकू थांबल्या. वळून सरांकडं बघत राहिल्या.

“आवं, तुमी कुनीकडं निघालाय?”

“इथंच, पुढच्या गल्लीत.”

“मग चला की सोबतीनं.”

सर पुढं झाले, त्यांच्या बाजूनं चालू लागले. दारात काकू म्हणाल्या, “आत या, च्या घेऊन जावा. आमचं मालक येतीलच एवढ्यात.”

सरांनी चपला काढल्या, पाहुण्यासारख्या कडेला लावल्या.

“बसतो थोडा वेळ,” ते म्हणाले.