घोड्याची मान

"जुळत नाही म्हणजे काय? जुळेल! त्याचा बाप जुळेल!"

आत्या असं म्हणाली आणि तिने वेल्डिंगचा मुखवटा डोक्यावर चढवला. सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. कोपऱ्यावरचं वेल्डिंगचं दुकान तिने पंधरा वर्षं एकटीने चालवलं होतं. फाटकं, जिने, शिड्या, एकदा तर एका बसचा आख्खा मागचा भाग! समोर स्टुलावर तिचा थोरला भाऊ बसला होता. रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. हातात काठीचे दोन तुकडे. खाली स्टीलची दांडी, वर पितळी घोड्याचं तोंड. निरोप समारंभात विद्यार्थ्यांनी दिलेली काठी ती, सकाळी मानेतच निखळली होती.

"अगं, पितळ वितळून जाईल तेव्हा कुठे स्टील नुसतं लाल होईल," दादा म्हणाला. "दोघांचं जमायचं नाही. विज्ञान आहे!"

"ते तुझ्या फळ्यावर. हे माझं दुकान आहे!"

पाच वाजता शाळेत दादाचा सत्कार होता. व्यासपीठाला सहा पायऱ्या. एक गुडघा कामातून गेलेला, आणि कुणाचा दंड धरून वर चढायचं नाही, हा हट्ट. आता वाजले होते दोन.

आत्याने ठिणगी पाडली. तड् तड् तड्! पितळ फुटाण्यासारखं उडालं आणि पांढऱ्या धुराचा असा लोट उठला, की दादा दिसेनासा झाला.

"जस्त! जस्त उडतंय! बाहेर हो!" धुरातून आवाज आला.

आत्याने मशीन बंद करून त्याला दंडाला धरून दारात ओढलं. तेवढ्यात शेजारचा शिंपी "आग! आग!" करत बादली घेऊन धावत आला आणि त्याने ती नेम धरून दादावर रिकामी केली.

"विझली का?" शिंप्याने विचारलं.

"मी पेटलोच नव्हतो!" दादा ओरडला.

धूर ओसरल्यावर बघतात तर घोड्याची अर्धी मान गायब! आत्याने हार मानली का? नाव काढू नका! तिने पंखा लावला, करंट कमी केला आणि पुन्हा भिडली. या खेपेला उरलेली मानही लोण्यासारखी ओघळली. घोडा आता थेट बेडकासारखा दिसत होता.

"मी तर आधीच..." दादाने सुरुवात केली.

"एक अक्षर बोलू नकोस! शिंपीदादा, याला कोरडा शर्ट द्या. आणि जरा सावकाश द्या!"

दोघे गेले, तशी आत्या खाली बसली. जमणार नाही हे तिला पहिल्या ठिणगीलाच कळलं होतं. यावर उपाय एकच, चांदीचा डाख. दोन्ही धातू न वितळवता मधे चांदी वितळवून सांधायचं. पण डाख म्हणजे गळक्या भांड्याला ठिगळ, असं तीच जन्मभर सांगत आली होती! आणि दादाने पंधरा वर्षांत तिच्या कामाला कधी काम म्हटलं नव्हतं. "तिचं ते दुकान," एवढंच.

तिने दार लोटलं, खिडकी उघडली. दांडी घासली, डाख धरावा म्हणून टाकणखाराचा पांढरा लेप लावला, गॅसच्या ज्योतीने दोन्ही धातू सारखे तापवले आणि चांदीची तार टेकवली. तार पाण्यासारखी सांध्यात शिरली. बेडूक दांडीवर घट्ट बसला!

दादा फुलाफुलांच्या शर्टात परत आला. काठीवर सगळा भार टाकून त्याने पाहिलं. हलेना.

"वेल्डिंग?"

"मग काय!" आत्याने मान वर केली.

पाच वाजता तो सहाही पायऱ्या एकटा चढला. तिसऱ्या रांगेत बसलेली आत्या एकेक पायरी मोजत होती. दादाने काठी उंच धरली. "ही माझ्या बहिणीने वेल्ड केली आहे. वेल्डर आहे ती!"

पहिल्या रांगेतले पदार्थविज्ञानाचे सर चष्मा सावरत उठले. "सर, पितळ-स्टील वेल्ड होत नाही. हा डाख आहे, चांदीचा."

धरणी दुभंगली तर बरं, असं आत्याला वाटलं.

दादाने सांध्याकडे पाहिलं. मग आत्याकडे. त्याला कळलं, हे तिला कळलं.

"माझी बहीण वेल्डिंग म्हणते ना?" तो माइकवर गरजला. "मग वेल्डिंग! विज्ञान चुकलं असेल!"

टाळ्यांनी छप्पर हललं. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराचं, असं तिने शेजारणीला ठणकावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढे अकरा निवृत्त शिक्षक रांगेत उभे! सगळ्यात पुढच्या आजोबांनी एका हातात फुटका आरसा धरला होता आणि दुसऱ्यात लाकडी चौकट.

"विज्ञानाचं सांगू नका हं," ते म्हणाले. "हे तेवढं वेल्ड करून द्या."

आत्याने आरसा पाहिला, चौकट पाहिली, रांग पाहिली. घसा खाकरला.

"ठेवून जा," ती ताठ मानेने म्हणाली. "पण शुक्रवारच्या आत मागू नका!"