हेस्टरबाईंची दक्षिणेकडची जागा

"हेस्टर, चर्चमध्ये मागे बसशील, तर मेल्यावरही मागेच निजशील. चांगली जागा आधी धरून ठेव गं!" आईचा हा आवाज हेस्टरबाईंच्या कानात लहानपणापासून मुरला होता. म्हणून चर्चच्या आवारात, दक्षिणेच्या भिंतीशी, त्यांनी आपल्या थडग्याची जागा केव्हाच राखून ठेवली होती. सकाळी कोवळं ऊन, समोर चरणाऱ्या मेंढ्या. चहाचा थर्मास घेऊन त्या रोज तिथं बसत. म्हणत, "सवय असलेली बरी."

आणि मग गावानं ठरवलं, चर्चला संडास हवा. इंग्लंडातल्या हजार वर्षांपूर्वीच्या सॅक्सन राजांच्या काळापासून त्याच्यावाचून अडलं नव्हतं. पण हल्ली प्रवचनं फार लांबत.

उत्तरेला खणलं, तर खाली ऐसपैस पहुडलेला सॅक्सनाचा सांगाडा! उत्खननवाली फिओना चिखलातच नाचली. "इथं बांधायचं नाही!" पूर्वेला सरकले, तर तिथं मण्यांची माळ ल्यालेली बाई. पश्चिमेला तर अख्खं कुटुंब. बातमी फुटली, बसगाड्या भरभरून बघे आले, आणि उतरल्या उतरल्या जो तो विचारी, "संडास कुठाय हो?"

राहिली दक्षिण. तिथं चाचपून फिओना आनंदानं ओरडत आली, "एक हाडसुद्धा नाही! मिळाली जागा!"

पाद्री टॉबी हात चोळत म्हणाले, "हेस्टरबाई, तुमचं मन मोठं..."

"मन मोठं आहे हो, पण माझ्या उशाशी कुणी संडासाची साखळी ओढावी, इतकं नाही!"

"तुम्हाला दुसरीकडे देऊ की."

"कुठं देताय? चहूकडे सॅक्सन लोळताहेत!"

चर्चचा कारभार पाहणारा म्हातारा सिरिल इतका वेळ नुसता खाकरत होता. तो पुढं आला. "हेस्टर, फाटकाशी माझी जागा आहे ना. दोघांची आहे ती."

"दोघांची? तू तर सडाफटिंग!"

"घेतानाच दोघांची घेतली."

"कुणासाठी रे?"

सिरिल कानांपर्यंत लाल झाला. "तुझ्यासाठी. विचारीन विचारीन म्हणत राहिलो."

"म्हणजे मेल्यावर विचारणार होतास?"

फिओनानं फावडं खाली ठेवलं.

"नाही, आत्ताच विचारतो," सिरिल म्हणाला. "मरायच्या आधी लग्न करू या का? एकदम शेजारी निजायला मला संकोच वाटेल."