आधी तिकीट, मग मीठ

इंदूकाकी कुणाच्या घरात शिरल्या की आधी माणसांची नाही, डब्याची तब्येत बघतात. फळीवरचा डबा खाली घ्यायचा, कानाशी धरायचा आणि बोटाच्या पेरानं त्यावर टकटक करायची. डॉक्टर लहान पोरांचं पोट वाजवून बघतात, अगदी तसं. मग निकाल. "पोकळ वाजतोय. कुटं गेलं पैसं?" नाहीतर, "हां. भरलाय. आता च्या टाक."

हा तिकिटाचा डबा. कोपरखैरण्यापासून जुईनगरपर्यंत ज्या घरातला माणूस नुकताच फौजेत गेलाय आणि जे घर काकींच्या तावडीत सापडलंय, तिथं तो असतोच. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणि त्यावर काळ्या रंगात लिहिलेलं 'तिकीट'. ही अक्षरं काकी स्वतः काढतात, फौजी ट्रंकेवर नाव घालतात तशी ठोकळ्यासारखी. पगार आला की भाडं, किराणा, गावाकडं पाठवायचे पैसे, या सगळ्याच्या आधी त्या डब्यात नोटा पडल्या पाहिजेत, असा त्यांचा हुकूम. नवरा जिथं कुठं असेल तिथपर्यंत जायचे आणि परत यायचे पैसे बायकोच्या हाताशी रोख हवेत. "आधी तिकीट, मग मीठ," असं त्या म्हणतात, आणि लगेच पुढं, "आळणी खाऊन कोन मेल्यालं मी तरी बघितलं न्हाई."

एकदा जुईनगरच्या एका शिकलेल्या पोरीनं सांगून बघितलं, "काकी, आता तिकीट मोबाईलवर निघतं. पैसे बँकेत असले तरी चालतात की."

"बँकेतलं पैसं दिराला दिसत्यात," काकी म्हणाल्या. "डब्याजवळ मी दिसते."

मी इकडं आले तेव्हा मला बँकही कळत नव्हती आणि काकीही कळल्या नव्हत्या. माझं गाव पाटणच्या डोंगरात. आई आजारी पडली म्हणून नववीतच शाळा सुटली. पुढं लग्न झालं ते नुकतंच ट्रेनिंग संपवून आलेल्या मुलाशी. मेहंदी उतरायच्या आत हे सीमेवर गेले आणि तिथं बायकोला न्यायची परवानगी नव्हती. यांचे चुलते, आमचे तात्या, मार्केटात माथाडी. गोणी वाहून खांद्याला घट्टा पडलेला माणूस. त्यांनी आपल्या घरावरची खोली मला दिली, भाडं घेतलं नाही, पहिल्या दिवशी गॅसची शेगडीही स्वतः खांद्यावरून वर आणली. मला रस्ता ओलांडायची भीती, लिफ्टची भीती, मोबाईलवर चार आकडे आले की ते कुणाला सांगायचे नसतात याची तर फारच भीती. अशा माणसाला डोक्यावर छप्पर मिळालं की तो जन्मभर मान खाली घालून बसतो. मीही तेच करणार होते.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गॅलरीतून आवाज आला. "नवी भरती का?"

बघते तर साडी, साडीखाली तपकिरी कॅनव्हासचे बूट, हातात चहाचं पांढरं टमरेल आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी. इंदूकाकी नवऱ्याच्या, फौजेतल्या हवालदारसाहेबांच्या, माघारी एकट्या राहतात, हे तात्यांनी सांगितलं होतं. शिट्टीचं सांगितलं नव्हतं.

"पार्ट टू झालं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मी पहिलाच बघितला नाही."

काकींनी कपाळाला हात लावला. मग समजावून सांगितलं. फौजेच्या कागदावर बायको म्हणून नाव चढतं त्याला पार्ट टू म्हणतात. "भटजीनं लावल्यालं लगीन गावापुरतं. फौजेनं मानलं तर खरं. उद्या काय झालं तर फौज कागद बघती, कुंकू न्हाई." तो कागद निघून यांनी त्याचा फोटो पाठवीपर्यंत काकी गल्लीत माझी ओळख 'संदीपरावांची होणारी' अशी करून देत. गळ्यात मंगळसूत्र घालून मी शेजारी उभी असे!

पगाराचंही त्यांनीच शिकवलं. चिठ्ठीवरचा आकडा विसरायचा. फंड आणि विमा कापून हातात येतो तो पगार. "त्येचं पोट सरकार बघतंय, तुझं पोट तू बघ." कॅन्टीनच्या कार्डावर मिक्सर स्वस्त मिळतो, म्हणून तीन मिक्सर घ्यायचे नाहीत. ट्रेनिंगात पगार साचतो, त्याची पहिली मोठी रक्कम सुटली की घरात मोटरसायकल येऊ द्यायची नाही. "फौजी वर्षानं घरी येतो. तवर ती कोन फिरवतंय? त्येचा भाऊ. हप्ता कोन भरतंय? फौजी!"

नव्या फौजीच्या पगारावर डोळा ठेवून असतात ते सगळे काकींच्या लेखी शत्रू. विमा विकणारे, भिशीवाल्या बायका, अचानक उगवलेले मामा. त्यांच्यासमोर काकी मागं हटल्याचं मी पाहिलं नाही. त्यांना हरवणारं माणूस एकच, दिवाळे गावाहून येणारी मासेवाली. "हवालदारीन, हा भाव हाय. घ्यायचा तर घे, न्हाय तर शिट्टी वाजव," असं ती तोंडावर म्हणते आणि काकी मुकाट्यानं बांगडे घेतात.

काकींची कवायत मात्र माझ्या जिवावर यायची. संध्याकाळी गॅलरीत उभं करून त्या मला 'नाही' म्हणायला लावत.

"मी तुझी नणंद हाय. वैनी, दादाला सांगून मला मोबाईल घेऊन द्या की. म्हन!"

"नाही."

"हे काय? मांजराचं पिल्लू बोललं का काय? मागच्या रांगेला ऐकू गेलं न्हाई. परत!"

"नाही!"

"हसू नको म्हनताना. हसून न्हाई म्हटलं की लोक हो ऐकत्यात."

खाली भाजीची गाडी लावणारा भय्याही हे ऐकून शिकला. कोथिंबीर फुकट मागितली की तो आता छाती काढून "न्हाई!" म्हणतो.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर तात्या एका गॉगलवाल्याला घेऊन वर आले. पनवेलच्या पुढं कुठं तरी फौजींसाठी खास वसाहत होणार होती. गॉगलवाल्यानं रंगीत कागद पसरला. त्यात कारंजी होती, झोके होते, झोक्यावर परदेशी मूल होतं.

"वहिनी, शेवटचे दोनच प्लॉट राहिलेत. आज फक्त टोकन द्या."

तात्या म्हणाले, "सूनबाई, मी वाईट सांगीन का? हप्ता त्याच्या पगारातनं परस्पर जाईल. तुला कळायचंबी न्हाई. टोकनापुरतं त्या डब्यात आसंल की."

तात्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. जन्मभर दुसऱ्याचा माल वाहिलेल्या माणसाला पुतण्याच्या नावावर जमीन बघायची होती, एवढंच. त्यामुळंच तर त्यांना नाही म्हणणं जड. मी दाराकडं पाहिलं. काकी टमरेल घेऊन चौकटीत उभ्या होत्या. आता बोलतील, मग बोलतील म्हणून मी वाट बघतेय आणि त्या पंख्याकडं बघतायत. जसं काही पंखा आजच बसवलाय.

"नाही," मी म्हटलं.

"काय म्हणालात वहिनी?" गॉगलवाला हसला.

त्याचं हसू बघून माझ्या आत काय हललं कुणास ठाऊक. "नाही! तात्या, ते यांच्याकडं जायचे पैसे आहेत. ते मी देणार नाही."

खाली भाजीवाल्यानं मान वर केली. काकींनी एकदा, छोटी, शिट्टी वाजवली. गॉगलवाल्याच्या हातून कारंजी खाली पडली.

तात्या उठले. "ज्येच्या घरात राहायचं..." एवढं बोलले आणि पुढचं गिळून जिना उतरले. त्यानंतर बोलणं बंद. जाता-येता दिसले तरी माझ्या डोक्यावरच्या भिंतीशी बोलायचे. मला अन्न गोड लागेना. खोली सोडायला सांगितली तर कुठं जायचं? मी काकींकडं जाऊन रडले. उपकार करणाऱ्याला उलटून बोलले, असं म्हटलं.

"उपकार हायेतच," काकी म्हणाल्या. "फेड की. पर दुसऱ्या डब्यातनं."

थंडीत एका सकाळी यांच्या पलटणीतून फोन आला. बर्फावरून पाय घसरून खाली गेले, मांडीचं हाड मोडलं, फौजेच्या मोठ्या इस्पितळात हलवलंय, ऑपरेशन करतायत, घरचं कुणी येऊ शकेल का? मी फोन ठेवला आणि डबा खाली घेतला. वाजवून बघायची गरज नव्हती. झाकण गच्च बसलं होतं, ते नखानं उचकटायला लागले. मागून दुसऱ्या कुणी तरी डबा धरला. तात्या. त्यांनाही पलटणीतून फोन आला होता; अंगात स्वेटर, काखेत पिशवी.

"एकटी कशी जाशील? मी येतो."

जायचे आणि यायचे म्हणून साठवलेले पैसे दोघांच्या जायच्या तिकिटांना पुरले; यायचे तात्यांनी घातले. जुईनगरच्या त्याच पोरीनं मोबाईलवर विमान काढून दिलं आणि रोख काकींसमोर मोजून घेतली. विमानात तात्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही, त्याचे वेगळे पैसे लागतील म्हणून. त्याच संध्याकाळी मी यांच्या खाटेपाशी उभी होते. ऑपरेशन झालं होतं. डोळे उघडून हे म्हणाले, "तू? कशी आलीस?"

मी म्हटलं, "डब्यातून."

यांना वाटलं गुंगी अजून उतरली नाही. तात्या मात्र भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, आणि या वेळी ते भिंतीशी बोलत नव्हते.

परत आल्यावर पेढे घेऊन आधी काकींकडं गेले. मला वाटलं, पाय कसा आहे विचारतील, रजा किती मिळणार विचारतील. काकींनी पेढा हातातच धरला. हवालदारसाहेबांच्या काळ्या ट्रंकेवर बसल्या आणि म्हणाल्या, "त्या इस्पितळाभायेर बसायला बाकं हायेत का गं?"

"आहेत की. सिमेंटची. मागं मोठी झाडं आहेत."

"आन् आत? खाटंवरनं खिडकी दिसती का?"

"दिसते. लांबवर डोंगर दिसतात."

"दिसत्यात व्हय." काकींनी मान हलवली. "बरं झालं. मला वाटायचं, नुसती भिंत असंल."

मग मला कळलं. विचारायचं धाडस झालं नाही, त्यांनीच सांगितलं. साहेब त्याच इस्पितळात होते. तार आली तेव्हा घरात पैसे नव्हते; पगार दिराच्या मळणीयंत्रात गेला होता. काकींनी नाही म्हटलं नव्हतं. "नवी हुते. गोड बोलून मागितलं, दिलं. मग दारोदार फिरून भाडं गोळा केलं. गाडीत बसायला निघाले आन् दुसरी तार आली."

ट्रंकेच्या आडोशाला एक डबा होता. त्यावरची अक्षरं पुसट झाली होती. मी तो उचलला, कानाशी धरला, पेरानं वाजवला. जराही वाजला नाही, गच्च भरलेला.

"काकी, हा कुणासाठी?"

"पेन्शनीतनं टाकते. रिकामा असला की झोप लागत न्हाई." मग माझ्यावर डोळे वटारले. "ठिव खाली. दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा न्हाई."

मी खाली ठेवला नाही. "पुढच्या महिन्यात मला यांना आणायला जायचंय. तात्यांना मार्केटातून सुट्टी नाही. तुम्ही चला. त्या बाकावर बसू. खिडकी आतून दाखवते."

काकी उभ्या राहिल्या. बूट जुळवले, छाती काढली, कवायतीला उभ्या राहतात तशा.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही. समोर उभ्या असलेल्या मलासुद्धा नीट ऐकू आलं नाही. मी डबा काखेत मारला आणि तिकीट काढायला जुईनगरला गेले.