चारशे पाने खिचडीची हकीकत

श्रीगजानन समर्थ. वीज अखंड वाहो, वायफायची कृपा राहो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी घडले ते वर्तमान ऐसे जे, एक दौलत होती आणि तिचा कारभार पंगतींचा. रयतेने मोबाइलावर बोट टेकवावे आणि दौलतीच्या कोडाने रिक्वेस्ट, म्हणजे विनंतीचा खलिता, सिद्ध करोन मुदपाकखान्याच्या सर्व्हराकडे रवाना करावा, मग तेथून जेवणाची पाने मांडवात दाखल व्हावी. खलित्यांचे काम दादोपंत हळबे यांजकडे. पंत कोडात मुरलेले आणि हट्टात त्याहून मुरलेले. त्यांचा रिवाज ऐसा की खलित्याचा सारा ऐवज एका दमात, एका ओळीत सांगावा, पत्ता, शिक्का, पाने किती, जबाबाची वाट किती सेकंद पाहावी, आणखी पुष्कळ बाबी, आणि जे नसेल तेथे 'रिकामे, रिकामे' म्हणत पुढे जावे. कोणती बाब कितवी ते पंतांस पाठ, इतरांस देव जाणे. आणि एके दिवशी पंतांचीच जीभ घसरली, आणि पानांच्या जागी सेकंद व सेकंदांच्या जागी पाने बसली, मग कोड चारशे सेकंद जबाबाची वाट पाहत उभा राहिला आणि मांडवात चारशे पाहुण्यांपुढे तीन पाने येऊन दाखल जाहली. यजमानांनी दौलतीच्या सात पिढ्या उद्धरिल्या. दौलतीचे धनी जे महाराज, त्यांची मर्जी खप्पा जाहली.

ते समयी मथुराबाई कर्णिक म्हणून नव्या कारभारीण कोडखान्यात रुजू होत्या. त्यांनी अर्ज केला की खलिता एका दमात न बोलता बाबीबाबीने बांधावा, आणि त्यासाठी कोडात एक बांधणीदार बसवावा, ज्यास परमुलुखी बिल्डर म्हणतात. त्यास म्हणावे पत्ता अमुक, मग म्हणावे पाने अमुक, आधी काय नि मागून काय याची फिकीर नाही, कारण प्रत्येक बाब नावानिशी सांगितलेली. न सांगितले ते तो रीतीप्रमाणे धरील, आणि अखेर 'बांधा' म्हणताच पत्ता शिक्का तपासून, उणे दिसल्यास तेथेच अडून बसेल, पुरे असल्यास मोहोर करील, मग त्या खलित्यात कोणास काना-मात्रा फिरवता येणार नाही. पंत हसून म्हणाले की हे तर जाणत्या माणसास घास भरवणे जाहले. महाराजांच्या पुतणीचे लग्न गुरुवारी होते. महाराज म्हणाले, "हा खलिता बाईंच्या रीतीने जाईल. चुकला तर बांधणीदार राहणार नाही आणि बाईही राहणार नाहीत." बाईंनी मान तुकवली, आणि मग त्यांस अन्न गोड लागेना.

बाईंचा स्वभाव काटकसरी. दर खलित्यास नवा बांधणीदार कशास, एकच पुरे, ऐसे मनी आणून त्यांनी एकासच कायम बसवले. त्याने आधी एका महिला मंडळाची पंगत बांधली, तीस 'उपासाचे' ऐसी खूण होती, आणि मागोमाग लग्नाची बांधली. बाईंनी पत्ता सांगितला, पाने सांगितली, वेळ सांगितली, पण मागील खूण पुसण्यास कोणी सांगितले नाही, आणि बांधणीदाराने ती इमानाने सांभाळून ठेवली. दुसरे दिवशी, लग्नाच्या सकाळी, सर्व्हराचा जबाब बाईंनी वाचला: स्वीकारले, चारशे पाने, उपासाची. कोंडाजी आचाऱ्यास फोन केला, तो म्हणाला, "बाई, साबुदाणा भिजला. आता तो परत कोरडा व्हायचा नाही." मग बाईंनी नवा बांधणीदार बसवून जिलबी-मठ्ठ्याचा दुसरा खलिता रवाना केला, आणि कोणी चहाडी करण्याआधी आपणच महाराजांपुढे जाऊन सारे सांगितले. महाराज म्हणाले की निकाल पंगत उठल्यावर. पंतांच्या मिशीत हसू मावेना.

मग मांडवात दोन्ही अन्ने दाखल जाहली, आणि वधूच्या मावशींनी जिलबी पाहून हात मागे घेतला आणि पुसले की उपासाचे काही केले आहे काय. मार्गशीर्षातला गुरुवार, वऱ्हाडातल्या निम्म्या बायका उपाशी, आणि ही गोष्ट ना महाराजांच्या ध्यानी आली होती ना कोणा कारभाऱ्याच्या. बाईंनी खिचडी पुढे केली. बायका तृप्त जाहल्या, आणि ज्यांस उपास नव्हता त्यांनीही जिलबीवर खिचडी चढवली. दादोपंतांस दत्ताचा गुरुवार. एरवी लग्नात पाण्यावर बसणारे पंत एक पान जेवले, मग दुसरे, मग तिसरे. महाराजांनी पुसले, "पंत, तुम्हीच सांगा, काय करावे?"

पंत हात धुऊन आले आणि म्हणाले, "चूक बाईंचीच, महाराज. पण माझ्या चुकीने तीन पाने आली तेव्हा मी दोष सर्व्हरावर ढकलून मोकळा झालो होतो. बाईंना ठेवा. बांधणीदारालाही ठेवा." मग त्यांस दिसले की बाई कोपऱ्यात उभ्या आहेत आणि त्यांचाही गुरुवार आहे, आणि सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. पंतांनी स्वहस्ते पान वाढून त्यांजपुढे ठेवले. बाईंस हुंदका आला, तो त्यांनी खिचडीबरोबर गिळला.

सारांश, एका खलित्यास एक बांधणीदार, खलिता गेला की त्यास रजा, ऐसा दंडक जाहला. दौलत नांदते आहे, पंत बाबीबाबीने बोलावयास शिकत आहेत. ऐकले तैसे लिहिले, लेखनसीमा.